ओर्पाच्या ओसरीपर्यंत

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी याकोमिनानं पांढरा रुमाल उचलला तेव्हा बशीत नाणं नव्हतं. बशी जागच्या जागी होती, आतल्या खोलीतल्या प्रार्थनेच्या मेजावर, पवित्र शास्त्राच्या डाव्या हाताला. सासूच्या वेळेपासूनची, कडेला टवका उडालेली. रविवारी संध्याकाळी तिनं स्वतः त्यात नवसाचं नाणं ठेवलं होतं. आज मंगळवार. तिचा मुलगा एलिफास गुरुवारी दोघा सोबत्यांबरोबर कुपा मासे धरायला गेला होता, शुक्रवारी परतायचा होता, आणि होडीचा पत्ता नसल्याचा हा चौथा दिवस.

नाणं खिडकीच्या फळीवर सापडलं.

"मी काढलं," तिचा नवरा बास्तियान मागच्या दारातून म्हणाला. जाळं मांडीवर होतं, पण हात चालत नव्हते.

"का?"

"खोटं ठेवलंस म्हणून. या घरात कुणाच्या मनात गाठ नाही, असं देवाला सांगितल्याशिवाय नाणं ठेवता येत नाही. तू सांगितलंस. मी दाराशी उभा होतो."

"पोरगा समुद्रात आहे तुझा."

"म्हणूनच काढलं."

तिला ओरडावंसं वाटलं, पण तो खरं बोलत होता आणि खरं बोलणाऱ्या माणसावर सकाळी सहाला ओरडायचं तरी काय. गाठ होती. एकच होती. गाठीचं नाव ओर्पा, बास्तियानची धाकटी बहीण, गावच्या दवाखान्यातली परिचारिका, देवळाच्या पलीकडे राहणारी. अकरा वर्षं याकोमिना तिच्याशी बोललेली नव्हती. त्यांची मुलगी लेआ सहा वर्षांची होती, ताप उतरत नव्हता, इस्पितळ मोठ्या बेटावर, होडीनं दोन तास, आणि ओर्पा म्हणाली होती, "सकाळपर्यंत धीर धर, वहिनी." सकाळ झाली... तेव्हा होडीची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून तो शब्दच मला नको झाला, याकोमिनाच्या मनात आलं. देवळात उपदेशात धीर आला की मी छताकडे बघायचे. स्तोत्रात आला की तेवढ्या ओळीपुरती गप्प व्हायचे, ओठ हलवायचे. लोकांना वाटायचं, काय भक्तिभावानं गाते.

नऊच्या सुमाराला ओसरीवर माणसं जमली. शेजारची दोलीमावशी सागोच्या पिठाच्या भाजलेल्या वड्या आणि मासळीचं कालवण घेऊन आली होती.

"खा गं दोन घास. तू उपाशी राहून त्यांच्या इंजिनात तेल पडत नाही."

"मावशी, नको."

"नको कसं? मी कधीपासून चुलीपुढे बसलेय. मला काय हौस आहे?"

कोर्नेलिसकाका खांबाला टेकून म्हणाले, "एलिफासच्या पणजोबाला प्रवाहानं नऊ दिवस नेलं होतं. दहाव्या दिवशी म्हातारा किनाऱ्याला लागला, आणि पहिलं काय विचारलं? माझी कोंबडी कुणी खाल्ली!"

"तुमच्याच बापानं खाल्ली होती," दोलीमावशी म्हणाली.

सगळे हसले. याकोमिनाही हसली, आणि आपण हसलो याची तिला इतकी लाज वाटली की ती उठून उभी राहिली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं — प्रेमानंच म्हणालं — "विश्वास ठेव, बाई. धीर धर." ती स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या पातेल्यात नळाचं पाणी सोडत राहिली.

पाळकबाई तिच्यामागे आत आल्या. तिशीतली बाई, वर्षापूर्वीच गावात बदलून आलेली.

"ओर्पाकडे गेले तर तो सौदाच नाही का?" याकोमिनानं विचारलं. "पोरगा दे, मी नणंदेला माफ करते. देवाला कळत नसेल?"

"कळत असेल."

"मग?"

"मग कळू दे," पाळकबाई म्हणाल्या. त्यांनी पातेल्यावरचा नळ बंद केला. "सौदा करायला निघा हवं तर. कारण वाटेत बदलतं कधी कधी. नेहमीच बदलतं असं नाही सांगत मी."

त्यापेक्षा जास्त त्या बोलल्या नाहीत, आणि याकोमिनाला बरं वाटलं. शास्त्रातलं एखादं वचन ऐकवलं असतं तर पातेलंच आपटलं असतं तिनं.

अडीच वाजता ती निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना चटयांवर लवंगा वाळत होत्या. वासानं डोकं जड होत होतं. मनात वाक्यं तयार होती — मी तुला माफ करते, ओर्पा, जे झालं ते झालं, तुझाही दोष... नाही, दोष शब्द नको. देवळापाशी आल्यावर खाली किनारा दिसला, आणि किनाऱ्याबरोबर ती संध्याकाळ, जी तिला पाठ होती: लेआचं तापलेलं कपाळ आपल्या मानेवर, दिवेलागणीची वेळ, ओर्पाचा आवाज. इतकंच पाठ होतं. पण आज त्या चित्रात ओर्पाच्या खांद्याला पिशवी होती. म्हणजे नेहमीच होती — दवाखान्याची, औषधांची, प्रवासाला बांधलेली. जिला थांबायचं आहे ती पिशवी कशाला बांधेल? आणि मेल्की नावाडी कमरेएवढ्या पाण्यात होडीचं टोक धरून उभा. होडी लाटेबरोबर वर जात होती, आपटत होती, आणि मेल्की ओरडत होता, बसताय का, बसताय का... आणि कुणीतरी म्हणालं, मला भीती वाटते. सकाळी जाऊ.

तो आवाज ओर्पाचा नव्हता.

ती देवळाच्या पायरीवर बसली. पुढचं आपोआप आलं, जणू इतकी वर्षं दाराबाहेर ताटकळत होतं. ओर्पानं विचारलं होतं, "नक्की?" मी मान हलवली होती. मग ओर्पानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पिशवी वाळूत ठेवली आणि म्हणाली... धीराचं ते वाक्य त्यानंतरचं होतं. माझा निर्णय झाल्यानंतरचं, माझ्यासाठी.

त्या लाटांत होडी पोचली असती की नसती, हे कुणालाच माहीत नाही. मेल्की आता हयात नाही. लेआ गेल्यानंतर गावातली पाच-सहा घरं आपली पोरं ओर्पाकडे नेईनाशी झाली होती. याकोमिनानं ते पाहिलं होतं, आणि तिला ते योग्य वाटलं होतं.

परत फिरता आलं असतं. तयार केलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं, आणि एलिफासचं नाव तिच्या ओठांवर होतं ते तसंच होतं, पण त्याच्याबदल्यात द्यायला हातात काही उरलं नव्हतं. ती उठली आणि पुढेच गेली.

ओर्पा ओसरीवर सुपात लवंगांचे देठ निवडत होती. केस पांढरे झाले होते. रोज दुरून दिसणारी बाई इतकी म्हातारी कधी झाली?

"बस," ओर्पा म्हणाली. "चटई चुकव, वहिनी. लवंगा आज सकाळीच पसरल्यात."

याकोमिना बसली.

"होडी तयार होती त्या दिवशी," ती म्हणाली.

"हो."

"तू कुणालाच सांगितलं नाहीस. भावालाही नाही."

ओर्पाची बोटं सुपात थांबली. "मी सांगून काय झालं असतं? तू मला खोटं पाडलं असतंस, आणि मग तुला कधीच आठवलं नसतं." मग म्हणाली, "राग यायचा मला. फार यायचा. रोज सकाळी प्रार्थनेत देवाशी भांडायचे तुझ्यावरून. मग भांडण कमी झालं, प्रार्थना राहिली."

माफ कर, असं याकोमिनाला म्हणायचं होतं. तिनं हात पुढे केला आणि सुपातले देठ निवडायला लागली. ओर्पानं सूप थोडं तिच्याकडे सरकवलं.

सव्वापाचला बंदरावरून निरोप आला. शोधायला गेलेली होडी इंधनासाठी परत वळली आहे. दक्षिणेला एक निळं पिंप तरंगताना सापडलं. तशी पिंपं इथल्या सगळ्याच होड्यांवर असतात. ते कुणाचं, हे कळलेलं नाही.

याकोमिना ओर्पाच्या तोंडाकडे बघत राहिली. ओर्पा सरकून जवळ बसली. मग याकोमिनाला जाणवलं की आपण मघापासून प्रार्थना करतो आहोत आणि तिच्यात अजून काही मागितलेलं नाही — मागणं होतं, भीती होती, दोन्ही जिथल्या तिथं होती, पण त्यांच्या खाली कुठेतरी ती स्वतः बसू शकत होती. हे किती वेळ टिकेल, तिला माहीत नव्हतं.

उजेड तासाभराचा होता. शोधाची होडी पहाटे पाचला पुन्हा निघणार होती.