मधला स्पीकर

त्याला सगळे कानसेन म्हणत. सिनेमाच्या थिएटरात असताना हे नाव पडलं आणि पुढे थिएटर बंद पडलं तरी नाव चालूच राहिलं. पडद्यामागच्या भल्यामोठ्या स्पीकरांपैकी एखाद्याची तार जरा सैल झाली, तर हा मागच्या रांगेत उभा राहून मान तिरकी करायचा आणि सांगायचा, "डावीकडचा खालचा रुसलाय." जाऊन पाहावं तर तोच रुसलेला असायचा. मालक बदलले, मशिनं बदलली, पण कानसेनला विचारल्याशिवाय आवाजाच्या बटणाला कोणी हात लावला नाही.

थिएटरला कुलूप लागल्यावर तो लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देऊ लागला. गिऱ्हाईक बहुतेक हात आखडलेलं असायचं. मग जुना बाजार पालथा घालायचा, परवडेल असा ॲम्प्लिफायर हुडकायचा आणि घरातल्या स्पीकरांशी त्याची सोयरीक जुळवायची. आवाज बसवून झाला की डोळे मिटून ऐकायचं आणि "आता लागला" म्हणायचं. त्या दोन शब्दांवर त्याचं पोट चाललं होतं.

आणि नेमके तेच दोन शब्द म्हणताना हल्ली त्याची जीभ अडखळायची. बारीक आवाज त्याच्याकडे यायचे बंद झाले होते. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग किटलीची शिट्टी गेली. वाफ दिसायची, शिट्टी नाही. ट्रक ऐकू यायचे, दारं आपटलेली ऐकू यायची, पण बायकांचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटायचं. घरात तो एकटाच, त्यामुळे कोणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तो स्वतःला समजावायचा. पण मनातून तो जाणून होता. हे बाहेर फुटलं की कोणी त्याला दारात उभं करणार नव्हतं.

अशात एके सकाळी ताई आली. थोरली बहीण, जिभेला धार लावूनच बाहेर पडणारी.

"बसायला नाही आले," ती बसत म्हणाली. "जावयाने स्पीकर पाठवलेत. पाच आहेत. त्याचा तो आवाज वाढवायचा डबा जळला म्हणे."

"ॲम्प्लिफायर."

"तोच. तो दुसरा घे आणि तुझ्या दाजींना बसवून दे. आणि हे बघ, मी शिलाईच्या कामातून पैसे बाजूला टाकलेत, तेवढ्यातच बसव. तुझे कान आहेत ना अजून जागेवर, की थिएटरबरोबर तेही विकलेस?"

कानसेन हसला.

दाजी शिंपी. जन्मभर सुईत दोरा ओवला आणि उतारवयात डोळ्यांतला दाब वाढून दोन्ही डोळे गेले. सिनेमाचं वेड मात्र तसंच. टीव्हीसमोर बसून ते कानांनी सिनेमा बघायचे. पण टीव्हीचा आवाज त्याच्या पाठीतून निघायचा, भिंतीवर आपटायचा आणि त्याचा नुसता काला व्हायचा. "कोण बोललं? ती का तिची आई?" असं ते सारखं विचारायचे. ताईला सांगत बसायला वेळ नसे. मग एक दिवस त्यांनी विचारणंच सोडलं. टीव्ही लावायचेही बंद झाले. खुर्चीत बसून राहायचे, मांडीवरच्या चादरीची किनार बोटांनी चाचपत.

"जेवतात," ताई म्हणाली. "पण माणूस घरात आहे असं वाटत नाही बघ." एवढं बोलून ती उठली. असलं बोलल्यावर ती कधीच थांबत नसे.

कानसेन मिस्त्रीच्या दुकानात गेला. हा मिस्त्री जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करून विकायचा. दुकान म्हणजे एक बोळकांडी. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत काळे डबे, मध्ये मिस्त्री आणि तारांना डाग देताना धूर सोडणारा त्याचा कैया. कानसेनला गिऱ्हाइकं बहुतेक तोच मिळवून द्यायचा.

मिस्त्रीने दोन डबे पुढे केले. कानसेनने आधी दोन्ही उचलून पाहिले. बाहेर कितीही वॅट छापलेले असोत, आतला ट्रान्सफॉर्मर दमदार असेल तर डबा हाताला जड लागतो. एक जडशीळ होता. दुसरा हलका, पण आतून स्वच्छ.

"मोठा तुझ्या बहिणीच्या पैशात बसणार नाही," मिस्त्री म्हणाला. "मी कमी करून करून किती करू? घर विकू?"

"छोटा कसा आहे?"

"गुणी आहे. पण ताकद बेताची. एरवी काही नाही, फक्त त्याला ओरडायला लावू नकोस. छोट्याला ओरडायला लावलं की आवाज फाटतो आणि तो फाटका आवाज स्पीकरचा बारीक आवाज काढणारा वरचा दाणा जाळतो. मोठा हळू बोलतो, तो कोणाला जाळत नाही."

"मला शिकवतोस?"

"तुला कोण शिकवणार बाबा! किती मोठ्याने ऐकतील तेवढं सांग."

"दाजी? त्यांना शेजारच्या घरात पडलेली सुई ऐकू येते. हळूच ऐकतील."

"मग हाच घे, डोळे मिटून. आणि उद्या मोकळा राहा. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे मोठा सेट आहे. त्यांना तूच हवास."

कानसेनने छोटा घेतला. निवड चोख होती. तो डबा, ती खोली आणि ते ऐकणारे, या तिघांचं बरोबर जुळत होतं. स्वतःला त्याने हिशेबात धरलंच नव्हतं.

दुपारी त्याने स्पीकर लावले. दोन पुढे, दोन मागे आणि मधला टीव्हीच्या बरोबर खाली. सिनेमातलं बोलणं सारं त्या मधल्यातून येतं. दाजी खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा.

"मेव्हणे, तिकीट काढावं लागेल का?"

"तुम्हाला पास आहे."

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर एक बाई आणि एक म्हातारा टेबलाशी बसले होते. दाजींनी मान जराशी पुढे घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावर कोणीतरी दिवा लावावा तसा बदल झाला.

"कप काचेवर ठेवला," ते म्हणाले. "लाकडावर नाही, काचेवर. आणि बाई उठली. रेशमी काहीतरी घातलंय तिने, सळसळतंय." ते आत वळून ओरडले, "अहो, ऐकलंत का? हिचं पातळ रेशमी आहे!"

"तुम्हाला बरं ऐकू येतं बायकांचं पातळ," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली. पण आवाजात हसू होतं.

कानसेन पडद्याकडे बघत होता. बाईचे ओठ हलत होते. शब्द येत होते, पण ओल्या कापडात गुंडाळून. सळसळ तर नव्हतीच. त्याला वाटलं, डबा दबतोय. त्याने बारीक आवाज चढवणारं ट्रेबलचं बटण फिरवलं, मग आवाजाचं.

"बास, बास," दाजी म्हणाले. "छान आहे."

"अहो, थिएटरची मजा यायला नको का?"

"मेव्हणे, कमी करा. टोचतंय."

"दोन मिनिटांत सवय होईल तुम्हाला." त्याने ट्रेबल शेवटपर्यंत नेलं आणि आवाज अजून थोडा चढवला. आता कुठे त्याला बाईचं बोलणं उमगायला लागलं. ती म्हाताऱ्याला परत येऊ नका म्हणत होती. अक्षरन् अक्षर कळलं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की हातातलं बटण, खोली, दाजी, सगळं तो विसरला. दाजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. ते त्याच्या मागे बसले होते.

जरा वेळाने त्याने वळून पाहिलं. दाजींनी हात खाली घेतले होते.

"हं, आता लागला," कानसेन म्हणाला.

दाजींनी मान तिरकी केली. मग हळू आवाजात म्हणाले, "हिला काय झालं?"

"कोणाला?"

"बाईला. तोंडात बोळा कोंबल्यासारखी बोलतेय. मघाशी चट् झालं ना, तेव्हापासून."

"चट् कुठे झालं? काही झालं नाही. आहे तसंच आहे."

ताई हात पुसत दारात आली. "अरे, दाराआडून बोलल्यासारखी बोलतेय ती. मला आतून कळलं. तुला कळत नाही?"

कानसेनने पडद्याकडे पाहिलं. बाईचे ओठ हलत होते. त्याच्या कानाला काडीचा फरक पडला नव्हता. सगळ्या जगाचा आवाज त्याला हल्ली असाच येत होता.

त्याने टीव्ही बंद केला. मधल्या स्पीकरची जाळी काढली, स्क्रू सोडले, वरचा दाणा बाहेर ओढला आणि मीटरच्या दोन तारा त्याला लावल्या. काटा जागचा हलला नाही. जळाला होता. त्याच्याच हातून, त्याच्यासमोर जळाला होता आणि त्याला पत्ता लागला नव्हता.

ताई काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत होता. ती टोमणा मारेल, कान पिळेल, पैशांवरून तोंड सोडेल, काहीही. जन्मभर तिने त्याला एकदाही फुकट सोडलं नव्हतं. पण ती दारातच उभी राहिली, पदराने कोरडे हात पुन्हा पुसत. मग आत गेली. तिने भांडी मोठ्याने आपटली असती तरी त्याला ऐकू आली असती. तिने आपटली नाहीत.

"कधीपासून?" दाजींनी विचारलं.

त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. मग त्याच्या लक्षात आलं, आता असं दाखवण्यातही काही राहिलं नाही.

"झाले काही महिने."

"हं." दाजींची बोटं चादरीच्या किनारीवर फिरत होती. "मलाही आधी दोरा दिसेना. मी म्हणायचो, हल्ली दोरेच बारीक येतात."

कानसेनने मागचा एक स्पीकर काढून मधल्याच्या जागी ठेवला. बनावट वेगळी होती, पण बोलणं स्पष्ट येईल इतका तो चांगला होता. तार जोडली, ट्रेबल खाली आणलं आणि टीव्ही पुन्हा लावला. मग त्याने खुर्ची ॲम्प्लिफायरजवळ सरकवली, दाजींचा हात धरला आणि आवाजाच्या बटणावर ठेवला.

"आता तुम्हीच लावा. कोणाला हात लावू देऊ नका. मलाही."

दाजींनी बटण फिरवलं. शिंप्याची बोटं, केसभर इकडे, केसभर तिकडे. थांबले. "बास."

पडद्यावर म्हातारा दारातून बाहेर पडत होता. बाई काहीतरी बोलली. कानसेनपर्यंत फक्त एक गुणगुण आली, लांबच्या विहिरीत कोणी बोलावं तशी. दाजी हसले. काहीतरी विनोद झाला होता. कानसेनही हसला, जरासा उशिरा. दाजींनी मान त्याच्याकडे वळवली. त्यांनी तो उशीरही ऐकला होता. ते पुन्हा पडद्याकडे वळले आणि पुढच्या विनोदाला हसले नाहीत.

निघताना ताईने नेहमीसारखं काही बांधून दिलं नाही, की "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाली नाही. दारात त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

जिन्यात थांबून त्याने मिस्त्रीला फोन लावला.

"डॉक्टरांकडे दुसऱ्या कोणाला पाठव," तो म्हणाला. "उद्यापुरतंच नाही, ह्यापुढे कधीच माझं नाव सांगू नकोस."

पलीकडून मिस्त्री काहीतरी बोलला. प्रश्न असावा, शेवटी सूर वर गेला होता. कानसेनने फोन दुसऱ्या कानाला लावला, डोळे मिटले, सगळा जीव कानात आणला. मिस्त्री पुन्हा बोलला, यावेळी जास्त वेळ. चिडला होता की गयावया करत होता, तेही कळेना.

"हो," कानसेन म्हणाला. "हो, हो."