तोंडातले खिळे

"काकूंना तोंडपाठ काय आहे?" वाचा-उपचारवाल्या बाईंनी विचारलं.

सोफेवाल्यांनी उत्तर दिलं नाही. देणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या तोंडात मूठभर बारीक खिळे होते. डाव्या हाताने खुर्चीचं कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडी, आणि जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी हातोडी खाली ठेवली, खिळे ओंजळीत काढले आणि मग म्हणाले, "भांडण."

"काका, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. मला काय बोलायचं ते तिला सगळं पाठ आहे. एक शब्द चुकायची नाही."

काकू खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. हे ऐकून त्यांच्या तोंडाची डावी बाजू किंचित हसली. उजवी बाजू अर्धांगाचा झटका आल्यापासून हसत नव्हती. समजत त्यांना सगळं होतं, पण तोंडातून एकच आवाज निघे, 'ता'. पाणी हवं असलं तरी ता, खिडकी लावायची असली तरी ता, आणि सोफेवाल्यांनी पाण्याऐवजी पांघरूण आणून दिलं की जरा मोठ्याने ता.

बाई वयाने लहान होत्या, पण धीराच्या होत्या. आठवड्यातून एकदा यायच्या. कामाची खोली आणि राहायची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, त्यामुळे दोघांनाही एकदमच समजावून सांगता येई. "आपण विचार करून बोलतो ना, ती वाट काकूंची बंद झालीय," त्या म्हणाल्या. "पण वर्षानुवर्षं म्हटलेलं कधीकधी दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. गाणं असेल, प्रार्थना असेल. तुम्ही सुरुवात करायची आणि मध्येच थांबायचं. बघू त्या पुरं करतात का. आणि हे आत्ताच करायला हवं, काका. सुरुवातीचे महिने गेले की मग फार कठीण होतं."

"ती रोज सकाळी शास्त्र वाचायची," सोफेवाले म्हणाले. "मोठ्याने. एक अध्याय."

"मग झालं तर. त्यातलं कुठलं आवडायचं त्यांना?"

आता तोंडात एकही खिळा नव्हता, तरी सोफेवाले गप्प राहिले.

लग्न झाल्यापासून रोज सकाळी चहा झाला की काकू पडद्याजवळच्या स्टुलावर येऊन बसत आणि बायबल उघडत. सोफेवाले तोवर कामाला लागलेले असत. काकू वाचत, हातोडी वाजत राही. अध्याय संपला की पुस्तक मिटून काकू विचारत, "ऐकलंत का?" आणि सोफेवाले खिळ्यांच्या आडून "हं" म्हणत. त्या 'हं'ची किंमत काकूंना पहिल्या महिन्यातच कळली होती. "तुमच्यापेक्षा देव बरा," त्या म्हणायच्या. "तो गप्प असतो, पण खोटं हं म्हणत नाही." यावरही सोफेवाले "हं" म्हणत.

ते काही नास्तिक नव्हते. बाप्तिस्मा झालेला, दर रविवारी चर्चला जाणारा, कोपऱ्यातल्या ठरलेल्या बाकावर बसणारा माणूस. गुडघे टेकायच्या उशा तर त्यांच्याच हातच्या. पण कित्येक वर्षांत आतून काही हललं नव्हतं. श्रद्धा होती, पण पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या चांगल्या कपबश्यांसारखी. तिला तडा गेला नव्हता, पण तिच्यातून कुणी चहाही पीत नव्हतं. याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. आता मात्र सकाळी काम करताना ते सारखे पडद्याकडे बघत. एकदाच, फक्त एकदाच, मागून "ऐकलंत का?" असं यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाई गेल्यावर त्यांनी फळीवरून काकूंचं पुस्तक काढलं. कुठे खूण असेल, एखादी ओळ अधोरेखित केली असेल, म्हणून पानं चाळली. काही नव्हतं. पुस्तकात पेन्सिल लावलेली काकूंना खपत नसे. मग ते स्टुलावर बसले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"स्तोत्रं वाचा, काका," पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या. "लोकांना बहुतेक तीच पाठ असतात."

"बाई, सोफा कधी मधून उघडत नाहीत. कापड ओढलं जातं. एका कडेने सुरुवात करायची."

"हा सोफा नाहीये."

"मला तेवढंच येतं."

हट्ट तर हट्ट, वाचनही धड नव्हतं. गिऱ्हाइकाला माप वाचून दाखवावं तसं ते वाचत. उंची इतकी, रुंदी इतकी, अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. वंशावळी आल्या तेव्हा काकूंनी ता म्हणून तोंड भिंतीकडे वळवलं. कुणीतरी नऊशे वर्षं जगल्याचं वाचून सोफेवाले थांबले आणि म्हणाले, "याला एक सोफा पुरला नसता." भिंतीकडून काहीच आलं नाही. ते प्रत्येक ओळीच्या मध्ये थांबत, वाट बघत, आणि कुणी पुरी करत नाही म्हटल्यावर स्वतःच पुरी करून पुढे जात.

असे बरेच दिवस गेले. इस्राएल लोक मिसर देश सोडून निघाले, समुद्र ओलांडून रानात आले, तिथे कुरकुर करायला लागले. सोफेवालेही कुरकुरीलाच आले होते. तिकडे एका वकिलाच्या खुर्च्या सांगाडे उघडे टाकून पडल्या होत्या, आणि इकडे काकूंचा ता काही बदलत नव्हता. मग एका सकाळी रानातल्या त्या मंडपाचं वर्णन आलं, ज्यात देव लोकांबरोबर राहणार होता. हा भाग सहसा सगळेच गाळतात. खुद्द चर्चचे पाळकही त्यावर कधी बोलल्याचं सोफेवाल्यांना आठवत नव्हतं. त्यांनी सवयीने मापं वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्याचौथ्या ओळीला त्यांचा आवाज बदलला.

"अगं, थांब. हे ऐक. हे तर शिवणकाम आहे."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पडदे किती लांब, किती रुंद, एकाला एक कसे जोडायचे, काठाला बिरडी, म्हणजे कापडाचे फासे, किती आणि त्यांत अडकवायचे आकडे कशाचे. आत तलम कापड, त्यावर बकऱ्याच्या केसांचं जाडं, त्यावर लाल रंगवलेलं मेंढ्याचं कातडं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर. आत मऊ, मग भर, मग वर कातडं. मी वकिलाच्या खुर्चीला हेच करतोय. आणि ही बघ, बिरडी समोरासमोर यायला हवीत असंही बजावलंय. नाहीतर ताण एका बाजूला जातो. हे सांगणाऱ्याला काम ठाऊक होतं."

बोलताबोलता ते उठले, कापडाचे दोन तुकडे आणले आणि काकूंच्या मांडीवर पसरून बिरडी कशी बसतात ते दाखवू लागले. एवढं सलग ते लग्नानंतर पहिल्यांदाच बोलत होते. काकू आधी कापडाकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे, आणि मग हसू लागल्या. अर्ध्याच तोंडाने, पण खांदे हलेपर्यंत.

त्या दिवशी सोफेवाल्यांच्या हातून फारसं काम झालं नाही. जो देव समुद्र दुभंगतो तोच पडद्याची बिरडी सांगत बसतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. देव ही वरच्या मजल्यावरची गोष्ट, असं ते आजवर समजत होते. तो त्यांच्या कामाच्या खोलीत येऊन, वाकून, टाके बघत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि काकू रोज हेच वाचत होत्या, चार हातांवर बसून. खिळे तोंडात टाकायला म्हणून त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली आणला. खिळे त्यांनी बशीत ठेवले. मग हातोडी बाजूला सारून ते मनातल्या मनात म्हणाले, देवा, मी ऐकलं नाही. हिचंही नाही आणि तुझंही नाही. बऱ्याच वर्षांनी केलेली ती खरी प्रार्थना होती, आणि ती केल्यावर त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते बाईंना म्हणाले, "दुपारी स्तोत्रं वाचतो. सकाळचं काम सकाळी चालू राहील. दोन सोफे एकदम मी पूर्वीही घ्यायचो."

आता ते माप सांगितल्यासारखं वाचत नव्हते. ओळ समजली नाही तर परत वाचत, पटली नाही तर काकूंना विचारत, "हे असं कसं गं?" काकू ता म्हणत, आणि त्या ता-मध्ये हो आहे की नाही हे त्यांना थोडंथोडं कळू लागलं होतं. कधी त्यांना एखादी ओळ दिवसभर पुरे. कापड कापताना ती ओठांवर येई. चर्चमध्ये पुढच्या बाकावरल्या बाईने मागे वळून बघितलं, कारण इतकी वर्षं नुसते ओठ हलवणारे सोफेवाले चक्क मोठ्याने गात होते, आणि सुराच्या बाबतीत ते गप्प होते तेच बरं होतं.

मग ती दुपार आली. स्तोत्र लांब होतं. देव माणसाचं बसणं-उठणं जाणतो, त्याच्या वाटा जाणतो, असं काहीसं चाललं होतं. सोफेवाले सावकाश वाचत होते. पुढची ओळ अशी होती की माणसाच्या जिभेवर शब्द यायच्याही आधी देवाला तो पुरता ठाऊक आहे. ते 'जीभ' या शब्दापर्यंत आले आणि त्यांचा आवाज बसला. या खेपेला ते काकूंसाठी थांबले नव्हते. जन्मभर जिभेवर खिळे ठेवलेला आपण आणि जिभेवर शब्दच येत नाही अशी ही, दोघांबद्दल कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, आणि ते त्यांना पुढे वाचवेना.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

स्वच्छ म्हणाल्या. स्टुलावर बसून वाचत तशाच, शेवटच्या अक्षरावर जरा जोर देऊन. सोफेवाल्यांनी पुस्तकातून मान वर केली. काकूही दचकल्या होत्या. त्यांनी डावा हात तोंडावर ठेवला, मग काढला, आणि पुढची ओळ म्हटली. त्याच्या पुढचीही म्हटली. बरंचसं स्तोत्र त्यांनी असं म्हटलं, आणि सोफेवाले ओळीखालून बोट फिरवत ऐकत राहिले. या वेळी एकही शब्द निसटू दिला नाही.

बाई खूश झाल्या, पण त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. "पाठ असलेलं येणं वेगळं आणि मनातलं बोलणं वेगळं," त्या म्हणाल्या. झालंही तसंच. काकूंना स्तोत्र म्हणता येई, पण पाणी मागता येत नसे. फक्त ता जाऊन त्याच्या जागी ते दोन शब्द येऊन बसले. पाणी हवं, ठाऊक आहे. खिडकी लावा, ठाऊक आहे. सूप अळणी आहे, ठाऊक आहे, आणि हे चांगलं ठणकावून.

"तुला ठाऊक आहे, पण मला नाही ना," सोफेवाले म्हणत आणि शोधत बसत. उशी? चष्मा? पडदा? पण आता ते पहिल्यासारखे वैतागत नसत. त्यांच्या चुका कमी होत गेल्या. खिळे कायमचे बशीत गेले, कारण तोंड रिकामं ठेवायला हवं होतं. एकेक खिळा उचलून मारायला वेळ लागे. वकील दोनदा येऊन चिडून गेले. "तुमचा हात मंदावलाय," ते म्हणाले.

"हो," सोफेवाले म्हणाले. "हल्ली बोलतो ना मी."

थंडी सुरू झाली तेव्हा काकूंना दुसरा झटका आला. हॉस्पिटलमधून त्या परत आल्या, पण ते दोन शब्द आले नाहीत. स्तोत्रही आलं नाही. बाईंनी दोनतीन आठवडे प्रयत्न केले आणि मग जाताना सोफेवाल्यांचा हात धरून म्हणाल्या, "काका, आता यापुढे काही होईल असं मला वाटत नाही." सोफेवाल्यांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि त्यांची पिशवी राहिली होती ती धावत जाऊन दिली. परत आल्यावर त्यांनी सवयीने पडद्याकडे बघितलं. 'ऐकलंत का' आता कधीच ऐकायला मिळणार नव्हतं.

सकाळचं वाचन मात्र थांबलं नाही. चहा झाला की ते स्टूल पलंगाजवळ ओढत, काकूंना चमच्याने चहा पाजत, हनुवटी पुसत आणि पुस्तक उघडत. एका सकाळी त्यांनी क्रम सोडून तेच स्तोत्र काढलं. वाचत वाचत ते त्या ओळीपर्यंत आले, जिभेपर्यंत, आणि थांबले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. ओठ हलले नाहीत. सोफेवाल्यांनी त्यांना बोलायला लागला असता तेवढा वेळ जाऊ दिला. मग म्हणाले, "ठाऊक आहे," आणि पुढे वाचू लागले. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचा आवाज टिकला.

वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. पडद्यापलीकडे एक बाक अर्धा सोलून ठेवला होता, खिळे बशीत होते, दुपारपर्यंत तो द्यायचा होता. ते उठायला लागले आणि परत बसले.

"ऐकलंस का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डोळे मिटले, उघडले. घशात काहीतरी हललं.

"हं," त्या म्हणाल्या.