सुगंधाची नणंद

गिरणी संपात बुडाली तेव्हा लवू परब नशिबाच्या नावाने बोटं मोडत बसला नाही. त्याने आरे कॉलनीत म्हशींच्या तबेल्यात शेण ओढायचं काम पत्करलं आणि तिथल्याच वसाहतीत बिऱ्हाड हलवलं. त्याच्या बायकोने, सुगंधाने, त्यावर चकार शब्द काढला नाही. उलट मालवणहून कोणी आलं की सांगायची, आमचे हे आता सरकारी दुधावर असतात. ऐकणाऱ्याला वाटायचं साहेबच झालाय. वाटू दे की! मान खाली घालून जगायचं तिच्या रक्तातच नव्हतं.

लवू मात्र संपानंतर गप्प झाला होता. गावच्या जत्रेत सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा, आणि लवूचा आवाज असा की देवळाबाहेरची माणसंसुद्धा हात जोडायची. तो आवाज दोन वर्षांत कोणी ऐकला नव्हता.

आणि धाकटा भाऊ जयवंत? तोही त्याच गिरणीतला. अंगाने रेडा, मनाने गरीब, आणि हाताला काम नाही. सुगंधा लग्न होऊन आली तेव्हा हा चड्डीत होता. तिनेच त्याला वाढवला, त्यामुळे काळजीही तिलाच. नोकरी नाही म्हणून मुलगी कोणी देईना. अशात घाटकोपरला जडीबुटी विकणारा चंद्रप्रकाश शेट त्याला भेटला. म्हणाला, मला जिवंत खवल्या मांजर आणून दे, माझ्या गोदामात तुला कायमचा लावून घेतो.

खवल्या म्हणजे काय, तर अंगभर खवले असलेला बिचारा जीव. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगतो. चावायला तोंडात दात नाहीत. भ्याला की अंगाचा गोळा करून पडून राहतो, आणि लबाड माणसं तोच गोळा उचलून पोत्यात घालतात. खवल्यांच्या अंगठ्या करायच्या, पूड करून औषध म्हणून विकायची, पोरांच्या गळ्यात बांधायचे. सरकारची बंदी होती, सापडला तर तुरुंग. पण शेटच्या गोदामात कोण बघायला जातंय?

एका शुक्रवारी सकाळी जयवंत टेकडीमागचं बीळ खणून पोतं घेऊन आला आणि ते थेट देवापुढे ठेवलं. परबांच्या घरची रीतच होती. नवीन काही उंबऱ्याच्या आत आलं की आधी हळदकुंकू. रेडिओ आला तेव्हा त्याला लावलं, स्टोव्ह आला तेव्हा त्यालाही लावलं. जयवंताने पोत्याचं तोंड उघडलं आणि म्हणाला, वयनी, लाव, म्हणजे नोकरी पक्की. सुगंधाला ते पटलं नाही. पण दिराचं लग्न डोळ्यांपुढे नाचत होतं, म्हणून पुटपुटत का होईना, तिने त्या गोळ्याच्या पाठीवर हळदकुंकू लावलं. जयवंत शेटला आणायला घाटकोपरला गेला, तेव्हा त्याच्या पायाला भिंगरी लागली होती.

पोत्यात जीव घुसमटेल म्हणून थोड्या वेळाने सुगंधाने पोत्याचं तोंड सैल केलं आणि तांदूळ निवडायला बसली. जरा वेळ गेला. कुठे आवाज नाही असं बघून गोळा हळूच सैल झाला. आत पोटाशी पिल्लू होतं. फिकट अंगाचं, खवले अजून मऊ, तान्ह्या पोराच्या नखांसारखे. आईने सुगंधाकडे बघितलं आणि पिल्लावर शेपूट ओढून घेऊन पुन्हा गोळा झाली. पाठीवर सकाळचं कुंकू तसंच होतं.

सुगंधाने निवडायचे तांदूळ बाजूला सारले. आधी जयवंताचा राग आला, मग स्वतःचा. अशा बाळंतिणीला आपण देवापुढे बसवली, कुंकू लावलं, आणि कशासाठी, तर कापायला द्यायला?

तेवढ्यात दारात मढची मथुरा मासळीची पाटी घेऊन टेकली. रोज दारावर मासळी देणारी कोळीण, घरातलीच झालेली. तिने पोत्यात डोकावून बघितलं आणि सोपा उपाय सांगितला, की आत्ताच सोडून दे आणि दिराला सांग पोतं फाटलं.

सुगंधा म्हणाली, "चोरून कित्याक सोडू? चोरी मी केलंय नाय."

मग तिने पदर खोचला. मथुराला टेकडीवर पिटाळलं आणि स्वतः दारापुढे सडा घातला, रांगोळी काढली, पाट मांडला. शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना ओटीचं बोलावणं धाडलं. कोणाची ओटी म्हणून विचारलं तर सांगितलं, या म्हणजे कळेल. अख्खी वसाहत लोटली. आपल्याकडे बोलावणं एक आणि चौकशा दहा.

ऊन कलताना शेटची फियाट आली. जयवंत पुढच्या सीटवर बसला होता, दिमाखात. खाली उतरला आणि जागच्या जागी थिजला. दारात पाटावर खवल्या, आणि वयनी त्याच्यापुढे खण पसरून ओटी भरतेय. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. शिवाय मथुराने आणलेलं वारुळाचं ढेकूळ, वाळवीने बुजबुजलेलं. तांदूळ या पाहुणीला रुचणार नाहीत एवढं सुगंधालाही कळत होतं.

शेटला आधी हसू आलं. जनावराची कसली ओटी, असं काहीसं तो बोलला आणि ड्रायव्हरला पोतं भरायला सांगितलं. बायका हलल्या नाहीत. मथुरा तर पाटापुढेच फतकल मारून बसली, मांडीवर मासळीचा कोयता. ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला.

जयवंत हलक्या आवाजात म्हणाला, "वयनी, माझी नोकरी."

"माका ठाऊक आसा," सुगंधा म्हणाली. तिची नजर वर होती. "पण हळदकुंकू तूच लावूक सांगितलंस. लेकुरवाळी बाय आसा ती. परबांच्या घरातसून ओटी भरलेली बाय तिच्या घराक जाता, बाजारात जाणा नाय."

शेटने बायकांचा नाद सोडला आणि तबेल्यातून आलेल्या लवूला गाठलं. घरचे कर्ते तुम्ही, भावाच्या पोटावर पाय येतोय, बायकोला आवरा. लवूने ऐकून घेतलं. हात धुतले. पाटाजवळ आला, ओटीतला नारळ उचलला आणि दोन वर्षांनी त्याचं तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेकुरवाळी आमच्या दारात इली. तिची ओटी भरली. आता तिका सुखरूप तिच्या घराक पोचव. आणि तिच्या वाटेक जो कोण आडवो येतलो, त्येका तूच बघून घे रे म्हाराजा!"

काय तो आवाज! सुगंधाच्या अंगावर काटा आला. संपाने सगळं नेलं होतं, पण हे शिल्लक होतं. तबेल्यापाशी उभी असलेली कोकणी माणसं टोप्या काढून पुढे सरकली.

पण गाऱ्हाण्याला होकार लागतो. 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय ते देवाला पोचत नाही, आणि पहिला होकार घरच्याच माणसाने द्यायचा. लवूपाठचा घरचा माणूस एकच. सगळे जयवंताकडे बघू लागले. शेटही बघत होता. त्याने गाडीचं दार जयवंतासाठी उघडून धरलं होतं.

जयवंताने त्या दाराकडे बघितलं, पाटाकडे बघितलं. गोळ्यातून पिल्लाच्या शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. सुगंधाला त्याला ओरडून सांगायचं होतं. पण बोलायचं ते त्यानेच.

"व्हय म्हाराजा," जयवंत म्हणाला.

मग अख्खी वसाहत म्हणाली. शेटने दार आपटलं, जयवंताला बेइमान म्हणाला, आणि फियाट धूळ उडवत निघून गेली. नोकरीही तिच्याबरोबर गेली, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

"आता पोचवूक मुराळी कोण?" सुगंधाने विचारलं. मुराळी म्हणजे बहिणीला पोचवणारा भाऊ. जयवंत पुढे आला. मथुराने पाटी धुऊन दिली, तीत खण अंथरून त्याने मायलेकरं उचलली आणि डोक्यावर घेतली. तो सांभाळून एकेक पाऊल टाकत टेकडीकडे चालला होता, आणि मागून येणाऱ्या सुगंधाला वाटलं, ह्याला मी वाढवला. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

बिळापाशी पाटी टेकवल्यावर पुष्कळ वेळाने गोळा सुटला. पिल्लू आईच्या शेपटीवर चढलं आणि दोघं झाडीत गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. सासरी निघालेली बाई इतकी निष्ठुर नसते, असं सुगंधा म्हणाली खरी, पण हसत म्हणाली.

जयवंत पुढे भावाबरोबर तबेल्यातच लागला. शेटची माणसं नंतरही कॉलनीत पोतं घेऊन फिरली, पण तबेल्यांच्या प्रत्येक युनिटात एकच उत्तर मिळालं, की ती परबांची बहीण आहे. एका सकाळी तबेल्यामागचं वारूळ कोणीतरी नखांनी उकरून साफ केलेलं दिसलं. मथुराने पाटी उतरवत विचारलं, काय गं, रात्री कोण आलं होतं?

"नणंद," सुगंधा म्हणाली. "जेवून गेली."