माझ्या पोटातली पावलोव्हा

मी सॅक बोलतेय. नारिंगी कॅनव्हासची, पाठीला ॲल्युमिनियमची चौकट असलेली. हल्लीच्या सॅकना कणाच नसतो, भिंतीला टेकवल्या की मेल्या पसरतात. मी अजून ताठ उभी राहते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भानगड माझ्या या ताठपणामुळेच झाली.

माझा जन्म क्राइस्टचर्चच्या एका शिवणखोलीत झाला. सेल्विनने मला घेतलं तेव्हा तो तरणाताठा होता आणि मी कोरी करकरीत. आम्ही डोंगर पालथे घातले, नद्या ओलांडल्या, पत्र्याच्या झोपड्यांत मुक्काम केले. मग त्याचं रेव्हिनशी लग्न झालं, त्याला पोट सुटलं आणि मी वेस्टपोर्टच्या त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये खिळ्याला लटकले.

काय काय कोंबलं हो त्याने माझ्यात! गवत कापायच्या यंत्राचे सुटे भाग, वाळलेले ब्रश, कुठलातरी एकच बूट. एक उंदरीण तर माझ्या बाजूच्या खिशात बाळंत झाली. निदान विचारायचं तरी! पण खरं सांगू? सोबत झाली, बरं वाटलं.

मग एका सकाळी रेव्हिन स्वतः शेडमध्ये आली. तिच्या हातात मोठा गोल पत्र्याचा डबा होता. तिने तो माझ्यात ठेवून पाहिला आणि ओरडली, "सेल्विन! हीच! ताठ उभी राहते, हिच्यात सपाट बसतोय!" मला रगडून धुतलं, उन्हात वाळवलं. इतक्या वर्षांनी कोणी माझी कॉलर सरळ केली होती. माझा तर ऊर भरून आला.

डब्यात पावलोव्हा जाणार होती. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भाजलेली, वरून कुरकुरीत, आतून चिकट-मऊ. आमच्याकडे एखादीच्या रश्श्याला नावं ठेवा, ती हसून सोडून देईल. पावलोव्हाला नावं ठेवलीत, तर संपलं. आणि रेव्हिनची थोरली बहीण ग्लेनिस, हिने नेमकं तेच केलं होतं. आईच्या अंत्यविधीनंतरच्या चहाला, चार लोकांत, खणखणीत आवाजात, "रेव्हिन, ही दुकानातली, पाकिटातली आहे ना गं?"

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. ग्लेनिस राहायची दूर दक्षिणेला, हिमनदीच्या पायथ्याच्या फ्रान्झ जोसेफ गावात. आता तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि चक्क आमंत्रण आलं होतं.

"मी नाही जायची," रेव्हिन म्हणाली. "पण माझी पावलोव्हा जाईल. खाऊ दे तिला, आणि मग म्हणू दे पाकिटातली."

सेल्विन बिचारा काय बोलणार? गाडी गॅरेजमध्ये, म्हणून बसने जायचं ठरलं. पण डब्याची दोरी रेव्हिनने तीनदा सोडून पुन्हा बांधली, ते मी पाहिलं. तिला बहीण परत हवी होती. गोष्ट एवढीशीच, पण तोंडातून निघेल तर शपथ.

बस चालवायला नायरी होती. पन्नाशीची, आडदांड, याच किनाऱ्यावर वाढलेली. "ए राजा, सॅक मागच्या ट्रेलरमध्ये टाक."

"नाही टाकता येणार. आत पावलोव्हा आहे."

"कोणाची?"

"रेव्हिनची. ग्लेनिसकडे चाललीय."

नायरीच्या तोंडचं पाणीच पळालं. किनाऱ्यावर हे भांडण कोणाला ठाऊक नव्हतं? तिने खिडकीजवळच्या सीटवर मला बसवलं, स्वतःच्या हाताने पट्टा लावला आणि त्या पूर्ण रस्त्यावर बस अशी हाकली, जणू चाकांखाली अंडी अंथरली आहेत. उजवीकडे समुद्र उसळत होता, पुनाकाइकीचे किनाऱ्यावरचे खडक भोकांतून पाण्याचे फवारे उडवत होते. फोटोसाठी थांबायचं झालं, तरी ब्रेक इतका हळू की थांबेपर्यंत खडक मागे गेलेले. मागे गाड्यांची ही रांग! पण नायरी ढिम्म.

परदेशी प्रवाशांना काही कळेना. मागच्या सीटवरचे एक म्हातारे गृहस्थ हळूच पुढे वाकले, टोपी काढली. "घरचं कोणी आहे का आत? अस्थी?"

सेल्विनला अर्धवटच ऐकू येतं. "हो, बायकोची आहे."

"अरेरे! केव्हा झालं?"

"कालच. रात्रभर ओव्हनमध्येच होती."

होकिटिका गावी बस थांबली, तसे ते गृहस्थ शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

फ्रान्झ जोसेफला उतरताना सगळ्यांनी नायरीला थँक्यू म्हटलं, मीही मनात म्हटलं. पावलोव्हाला तडासुद्धा नव्हता. सेल्विनने मला बाकावर ठेवलं आणि तो धावला संडासाकडे. सकाळपासून थर्मासभर चहा ढोसला होता ना!

आणि आला की तो मेला किआ. हिरवा डोंगरी पोपट, चोच आकड्यासारखी, नजर चोराची. आधी माझा खांद्याचा पट्टा चावला. मग बकल उघडलं. दोरी कुरतडली. मी ओरडले असते हो, पण मला तोंड कुठाय? त्याने झाकण उडवलं आणि सरळ आत उतरला, पोटापर्यंत.

सेल्विन आला तेव्हा पोपटाला पांढरी दाढी आली होती.

"अरे देवा! आता रेव्हिनला काय सांगू?" तो मटकन बाकावर बसला. डोळे पाणावले त्याचे. मग त्याची नजर समोरच्या दुकानावर गेली. मला ठाऊक होतं, दुकानात काय मिळतं.

मला पाठीवर टाकून तो आत शिरला. शेल्फवरून त्याने उचललं ते पाकीट. तयार पावलोव्हा! म्हणजे ग्लेनिस म्हणाली ते खरंच करून दाखवणार हा गाढव! माझ्या तळाची आग मस्तकात गेली. आणि ज्या पट्ट्याने याला इतकी वर्षं सांभाळलं, तो पट्टा मी सोडला. अर्धा पोपटाने चावलाच होता, पण उरलेला माझा मी सोडला.

धाडकन डबा खाली. दुकानभर पांढरा चुरा. आणि चुऱ्याच्या पलीकडे एक काठी, दोन पाय, हातात क्रीमची बाटली. वर पाहिलं तर साक्षात ग्लेनिस.

"सेल्विन? ही काय थेरं?"

त्याने पाकीट पाठीमागे लपवलं. उपयोग काय? दिसायचं ते दिसलंच. "रेव्हिनने पाठवली होती गं. पोपटाने खाल्ली."

ग्लेनिस काठीवर रेलून वाकली. डब्याच्या तळाला चिकटलेला एक तुकडा तिने उचलला, फुंकला, तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मग दुकानदाराचा फोन ओढला आणि नंबर फिरवला. कागद पाहिला नाही, तिला तो पाठ होता.

"रेव्हिन, मी ग्लेनिस. तुझ्या पावलोव्हाची पार वाट लागलीय. आणि ती पाकिटातली नाही."

फोनमधून खणखणीत आवाज आला. "मी तेव्हाही सांगितलं होतं."

"तेव्हाही नव्हती. मला माहीत होतं." ग्लेनिसने नाक ओढलं. "मीही केली होती गं त्या दिवशी. तुझी लोकांनी चाटूनपुसून संपवली. माझीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी कुत्र्याने खाल्ली."

पलीकडून अगदी हळू, "कुत्र्याने नाही. मी खाल्ली. मागच्या दारात उभी राहून, सगळीच्या सगळी. आईच्या हातची लागत होती."

दुकानदाराने फोनचे पैसे मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या बसने रेव्हिन आली. वाढदिवसाची पावलोव्हा दोघींनी मिळून केली, फेटताना व्हिनेगर किती थेंब घालायचं यावरून कडाकडा भांडत. मधोमध खड्डा पडला, तर दोघी एकमेकींकडे बोट दाखवत हसत सुटल्या.

आता माझा पट्टा मासेमारीच्या दोऱ्याने शिवलाय आणि मी ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे. शेडपेक्षा लाखपट बरं. रेव्हिन आली की मला घेऊन जाते, परत आली की घेऊन येते, आणि बसमध्ये नायरी माझी खिडकीची सीट राखून ठेवते.

तुमच्याही घरात एखादी सॅक खिळ्याला लटकत असेल. काढा तिला, झटका, तिच्या खिशात कोणी बाळंत झालंय का बघा, आणि जिच्याशी बोलणं बंद आहे तिच्या गावच्या बसमध्ये बसा. फक्त उतरल्यावर सॅक बाकावर ठेवून संडासला पळू नका. तो मेला अजून तिथेच बसलेला असतो.