साडेअठ्ठावन्न फूट

आमच्या सदाशिवअण्णांच्या दुकानात कापडाची धूळ किती होती म्हणून सांगू? सकाळी गणपतीपुढं लावलेल्या उदबत्तीचा धूर दुपारपर्यंत आतच घुटमळायचा, त्याला दाराची वाट सापडायची नाही. आता हे मी थोडं वाढवून सांगतोय, कबूल. पण दुकानाच्या वर, माडीवर, अण्णांच्या पत्नी रुक्मिणीवहिनी राहायच्या आणि त्यांच्या छातीत जी घरघर चालायची, ती मात्र होती तशीच सांगतोय. खाली गिऱ्हाईक नसलं की ती आम्हाला गादीवर बसून ऐकू यायची.

मी मधुकर. अण्णांचा लांबचा चुलतभाऊ आणि दुकानातला गुमास्ता. हुबळीच्या दाजीबानपेठेत मला सगळे मध्या म्हणत, आणि मी काही सांगू लागलो की आधी हसून घेत.

हुबळी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. डॉक्टर माडीवरून खाली आले, दुकानातल्या ठाणांकडं बघितलं आणि म्हणाले, "सदाशिवराव, यांना या धुळीतून काढा. पुढची थंडी इथं निघायची नाही."

अण्णांनी हातातलं मांजरपाट तीनदा घडी केलं, तीनदा उलगडलं. महिन्याभरात त्यांनी धारवाडला मळमड्डीत मोकळी जागा घेतली. विकणारे एक निवृत्त मास्तर. खरेदीखत झालं आणि ते मुलाकडं पुण्याला निघून गेले. खतात लिहिलं होतं : दर्शनी बाजू साठ फूट.

अण्णांचा कागदावर विश्वास नव्हता. हातावर होता. आणि त्यांच्या हाताची पेठेत ख्यातीच तशी होती. कापड मोजताना गजाच्या टोकाशी अंगठा आडवा टेकवायचा आणि पुढचा गज अंगठ्याच्या पलीकडून धरायचा, एवढं जास्तीचं कापड गिऱ्हाइकाला सगळीच दुकानं देत. पण अण्णांचा अंगठा पसरट. कुंदगोळच्या एका म्हातारीनं त्यांच्याकडून लुगडं नेलं, ते इतकं वाढीव निघालं की त्यातून तिनं दोन नातींचे परकर शिवले आणि उरलेल्याची बैलाला झूल केली. बैल मी पाहिलेला नाही.

तर दुकानातला लोखंडी गज घेऊन आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं धारवाडला गेलो. अण्णा उकिडवे बसून मोजत पुढं सरकत होते, मी आकडे म्हणत होतो. जागा भरली साडेएकोणीस गज. म्हणजे साडेअठ्ठावन्न फूट. पुन्हा मोजली. पुन्हा तेवढीच.

"मास्तरांनी दीड फूट खाल्लं की रे," अण्णा म्हणाले.

"पुण्याला पत्र घालू?"

"नको. जन्मभर पोरांना शिकवलंय त्यांनी, जाऊ दे. पण मध्या, यातून आपलं एक काम होईल. घर बांधायला जो येईल त्याला जागा मोजायला सांगायची. खत बघून साठ म्हणाला तर तो लबाड, मोजून साडेअठ्ठावन्न म्हणाला तर तो खरा. जो मापातच खोटं बोलतो तो भिंतीत काय घालेल?"

मला ही युक्ती इतकी आवडली की पेठेत मी ती माझीच म्हणून सांगितली.

पहिला कंत्राटदार साठ म्हणाला. अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसरा नागोजी. अळणावरकडच्या खेड्यातला गवंडी, हुबळीत त्याची सात-आठ माणसांची टोळी होती. दुर्गदबैलाच्या बाजारात खिळे-लोखंडाच्या दुकानांसमोर तो सकाळी उभा राहायचा आणि घर बांधायचं असणारी माणसं तिथंच त्याला शोधत यायची. ना पाटी, ना कागद. नागोजीचं नाव होतं, तेवढ्यावर त्याला काम मिळायचं. जागा मोजून ये असं त्याला सांगून आठवड्यानं अण्णा आणि मी तिथं गेलो तेव्हा भोवती बरीच माणसं होती.

"मोजलास काय नागोजी?"

"मोजलं की अण्णा. दोनदा. साठ फूट, केसभर इकडं न्हाई, केसभर तिकडं न्हाई."

अण्णांचा चेहरा पडला. त्यांच्या मनातून तोच हवा होता, हे मला माहीत आहे.

"तू मोजलं नाहीस. खत वाचून सांगतोयस."

नागोजी हसला. "मला वाचाय कुठं येतंय अण्णा? अंगठाबहाद्दर माणूस मी."

"मग कुणाकडून वाचून घेतलं असशील. जागेवर न जाता माप सांगणारा माणूस तू. तुझ्या हातनं मी गोठासुद्धा बांधून घेणार नाही."

अण्णा कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. हातगाड्यावाले थांबले. लोखंडाच्या दुकानातला मालक बाहेर येऊन ऐकू लागला. नागोजीनं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला, पुन्हा खांद्यावर टाकला.

"इल्ला री, न्हाई अण्णा," तो कसाबसा म्हणाला, "मी गेलतो. मोजलोय मी."

आम्ही मागं वळून पाहिलं नाही.

तिसरा प्रभंजन. त्याची नवी बिल्डिंग कंपनी होती. ठळक पाटी, काचेचं दार, टेबलावर टेलिफोन. त्या टेलिफोनची तार कुठंच गेलेली नव्हती असं मी पुढं सांगत असे; खरं म्हणजे टेबलाखाली मी कधी वाकून पाहिलेलं नाही. त्यानं एका संध्याकाळी मला बोलावलं, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली आणि विचारलं, "मधुकरराव, तुमचे अण्णा एवढ्या चांगल्या लोकांना परत का पाठवतात हो?"

मला तोपर्यंत कुणी मधुकरराव म्हटलं नव्हतं. दुसरी बशी यायच्या आत मी त्याला सगळं सांगून बसलो. आकड्यासकट.

चार दिवसांनी प्रभंजन दुकानात आला, गंभीर चेहरा करून. "सदाशिवराव, राग मानू नका. खतात साठ असेल, पण जागा साडेअठ्ठावन्न फूटच भरते. तुम्हाला फसवलंय."

अण्णांनी उठून त्याचे दोन्ही हात धरले. त्याच दिवशी घर प्रभंजनच्या कंपनीला दिलं. मी गादीवर बसून होतो. तोंड उघडलं असतं तर मधुकररावाचा पुन्हा मध्या झाला असता. मी उघडलं नाही.

चैत्रात काम घेतलं, वैशाखात पायाचा एक चर खणला आणि कंपनी थांबली. आज सिमेंटचा परवाना नाही, उद्या अभियंता बेळगावला गेलाय, परवा मजूर लग्नाला गेलेत. श्रावणात चर पाण्यानं भरला आणि त्यात बेडकांनी असा संसार थाटला की आमच्याआधी वास्तुशांत त्यांनीच केली. हे मी माडीवर जाऊन वहिनींना सांगायचो. त्या हसायच्या, आणि हसण्याचं खोकल्यात रूपांतर झालं की हातानं मला गप्प बसायची खूण करायच्या. भाद्रपदापर्यंत त्या जिना उतरायच्याही बंद झाल्या. अण्णा दर आठवड्याला काचेच्या दाराशी जात आणि परत येऊन म्हणत, "माणूस खरा आहे. उशीर होतोय, पण खरा आहे. त्यानं मोजलं होतं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "मला जागा दाखवा. घर नसेल तर नसू दे. मी कुठं राहणार होते, ते तरी बघते."

आम्ही त्यांना गाडीनं नेलं. स्टेशनापासून जागा लांब नाही, तरी वाटेत त्या पाच वेळा थांबल्या. चराच्या काठी रचलेल्या दगडांवर मी घोंगडी टाकून दिली, त्यावर त्या बसल्या. चरातल्या पाण्याकडं त्यांनी खूप वेळ पाहिलं.

अण्णांना ते बघवेना. ते बोलू लागले. मास्तरांनी कसं फसवलं, सगळे कसे खोटं बोलले, एकटा प्रभंजन कसा खरं बोलला. "थांब, तुला मोजूनच दाखवतो," म्हणाले. गज त्यांनी बरोबर आणला होता. धोतर सावरून ते खाली बसले आणि कोपऱ्यातल्या खुंटीपासून मोजत निघाले. गज ठेवला, टोकाशी अंगठा टेकवला, गज उचलून अंगठ्याच्या पलीकडं ठेवला. एक. पुन्हा अंगठा. दोन.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"थांब, आकडा चुकेल."

"अहो, जमिनीला कसला अंगठा देता?"

अण्णा तसेच थांबले. मातीत अंगठा टेकलेला, वर गज धरलेला. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. पंधरा वर्षं मीही तसाच मोजत आलो होतो. दोन वेळा आकडे म्हणताना तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नव्हता.

मग अण्णांनी अंगठा मुठीत धरून मोजलं. वीस गज. साठ फूट. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही.

अण्णा गज टेकून उठले आणि म्हणाले, "मग प्रभंजनचं माप माझ्याशी कसं जुळलं?"

"आकडा मी सांगितला होता," मी म्हणालो. "गिरमिट खाताना."

मला वाटलं, अण्णा गज उगारतील. ते नुसते बघत राहिले. "मध्या," ते म्हणाले, "इतकी वर्षं रोज दहा थापा मारतोस. त्याला एक मारता आली नाही?"

वहिनी हसल्या आणि मग त्यांना असा खोकला लागला की आम्ही दोघं त्यांना धरून बसलो. तो थांबल्यावर त्या अण्णांना म्हणाल्या, "त्या गवंड्याला तुम्ही पेठेत बोललात ना? मग घरी बोलवून सांगू नका. तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुर्गदबैलात गेलो. नागोजी होता, पण टोळी उरली नव्हती; त्याच्याबरोबर फक्त त्याचा भाऊ लक्ष्मण. अण्णांनी टोपी काढली. त्यांना टोपीशिवाय रस्त्यावर मी कधी पाहिलं नव्हतं.

"नागोजी, तू जागा मोजली होतीस. माझं माप चुकलं. मी तुला इथं खोटं पाडलं, म्हणून इथं सांगतोय." एवढं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि लोखंडाच्या दुकानदाराकडं वळून पुन्हा एकदा म्हटलं.

नागोजीनं खांद्यावरचा टॉवेल पुन्हा हातात घेतला.

"चैत्रापास्नं तीन घरं गेली माझ्या हातची," तो म्हणाला. "लोक इचारायचे, मोजतोस तरी का रे? अण्णा, मीच रात्रंदिस इचार करायचो, खरंच चुकलो काय की. एकदा उठून परत धारवाडला गेलो आनि मोजून आलो. साठच भरली. पर सांगू कुणाला?"

अण्णा खाली मान घालून उभे राहिले. लक्ष्मण म्हणाला, "चल दादा, जाऊ या." नागोजी हलला नाही.

"बाई कशा हाईत?" त्यानं विचारलं.

"थंडी यायला दीड महिना आहे," अण्णा म्हणाले.

नागोजीनं बोटांवर काहीतरी मोजलं. "पुरं घर व्हायचं न्हाई. एक खोली हुईल. पूर्वेची. बाकीचं मागनं बघू. पर बाईंना एकदा जागेवर आना. मला त्यांचं काम हाय."

आम्ही आणलं. नागोजीनं त्यांच्यासाठी खुर्ची मागवली आणि खोली जिथं व्हायची होती तिथं, उघड्यावर, ती ठेवली. "अक्का, डोळे मिटा," तो म्हणाला. "वारा कुठनं बरा वाटतोय, तिकडं तोंड करा. घाई न्हाई."

वहिनींनी डोळे मिटले. चेहरा हळूहळू डावीकडं वळवला, जरा मागं घेतला, थांबल्या. एक श्वास घेतला, मग दुसरा. नागोजीनं त्यांच्या तोंडासमोर जमिनीवर चुन्यानं रेघ ओढली. खिडकी तिथं झाली. नकाशात होती तिथनं दोन हात बाजूला, दाराच्या ओळीत नाही, कशाच्याच ओळीत नाही.

मार्गशीर्षात छपराला कौलं चढली आणि भिंती ओल्या असतानाच वहिनी राहायला आल्या. पेठेत एकही थंडी निघायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनींनी त्या खोलीत दोन काढल्या. मी हे सांगताना पुष्कळदा चार म्हणायला जातो. ऐकणाऱ्याला काय कळणार? पण दोनच.

बाकीचं घर नागोजीनं वहिनी गेल्यावर पुरं केलं. गिलावा करायची वेळ आली तेव्हा शिकायला बाहेरगावी असलेला अण्णांचा मुलगा हणमंत आलेला होता, तो म्हणाला, "अण्णा, ही खिडकी तेवढी सरळ ओळीत घेऊ या. बाहेरून वाईट दिसते."

अण्णा आत होते. त्यांनी खुर्ची उचलून खिडकीसमोर ठेवली आणि हणमंताला म्हणाले, "बस. डोळे मीट."

हणमंत बसला. वारा थेट त्याच्या तोंडावर आला. थोड्या वेळानं तो उठला, बाहेर गेला आणि नागोजीला म्हणाला, "खिडकीची फक्त कड गुळगुळीत करा."