कूलरच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, मान वर करून बोलावं असं माझ्याजवळ काही नाही. मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. जिंतूरहून चारठाण्याकडं जाताना आमचं गाव लागतं. तिथं नर्मदाबाईंच्या घराच्या खिडकीत मी उभा असतो. माझं अर्धं अंग घरात आणि अर्धं गल्लीत. त्यामुळं मला घरातलंही दिसतं आणि गल्लीतलंही. दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

माझा जन्म परभणीतल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. कारागिरानं पत्रा कापला, वाकवला, कडा ठोकल्या. खाली पाण्याची टाकी केली. आत पंखा आणि पाणी वर चढवणारी लहानशी मोटार बसवली. मग तीन बाजूंच्या जाळ्यांत गवत भरलं. आम्हा कूलरांचं गवत म्हणजे लाकडाच्या बारीक कुरळ्या काड्या. त्या भिजल्या की त्यांच्यातून येणारा वारा गार होतो. माझी सगळी करामत एवढीच. वरून आभाळी रंग दिला तेव्हा मात्र मी स्वतःला मोठा देखणा समजत होतो.

मला घेतलं ते जावयासाठी. मागं एकदा भर उन्हाळ्यात अधिक महिना आला होता. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावतात, जावयाचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे करून पोटभर जेवू घालतात. नर्मदाबाईंची लेक अर्पिता तेव्हा नुकतीच सासरी गेली होती. पहिल्याच धोंड्याला जावई घामाघूम होऊन जेवला तर चार लोकांत काय इज्जत राहील? म्हणून नर्मदाबाईंचे मालक व्यंकटराव मला टेम्पोत घालून घेऊन आले. जावई योगीराज माझ्यासमोर बसून जेवले आणि म्हणाले, "मामा, हवा एकदम झकास हाय." त्या दिवशी मी असा काही फुगलो की विचारू नका.

त्यानंतर माझे दिवस ठरल्यासारखे गेले. उन्हाळ्यात कौतुक, बाकी वर्षभर हाल. पाऊस पडला की मला बाजूला सरकवायचे. माझ्या डोक्यावर सोयाबीनची रिकामी पोती यायची. एका हिवाळ्यात मांजरीनं माझ्या पोटात पिल्लं घातली, तेव्हा निदान सोबत तरी झाली. पुन्हा ऊन तापलं की घरातल्यांना माझी आठवण व्हायची. नवं गवत, नवी मोटार, आणि पुन्हा सगळे माझ्यासमोर.

पण वारा काही फुकट येत नाही, मित्रांनो. मी पाणी पितो. भर उन्हाळ्यात रोज बादल्यांवर बादल्या रिचवतो. आणि आमच्या गावात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही थोडा वेळ. नळाची लाइन बारीक आहे. आमचं घर तिच्या तोंडाशी. वरच्या घरांनी नळ बंद केले की मगच गल्लीच्या शेवटच्या घरात धार लागते. आमच्या घरात मला नळी लावून भरायची पद्धत. मी भरलो तरी नळी काढायचं कुणाच्या ध्यानात राहायचं नाही. माझ्या कोपऱ्यातून पाणी गल्लीतल्या गटारीत पडत राहायचं. मग पोरं टाळ्या पिटत ओरडायची, "आरे, कूलर मुतायलाय!" तेव्हा मला त्या पोरांचा राग यायचा. खरं तर पोरांचं काय चुकत होतं?

या वर्षी पुन्हा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. अर्पिता आणि योगीराज ज्या दिवशी येणार होते, त्याच दिवशी नळाची पाळी होती. आणि त्याच दिवशी गल्लीच्या शेवटच्या घरातही जावई येणार होता. ते घर पंचफुलाचं. शेळ्या राखून आणि रोजानं जाऊन तिनं लेक निकिताचं लग्न केलं होतं. निकिताचा हा पहिलाच धोंडा.

सकाळी पंचफुला आमच्या दारात येऊन उभी राहिली. "आक्का, आज नळ जरा लवकर बंद करताव का? नवा जावई हाय. पाय धुवायला घागरभर पाणी आलं तरी माझं भागतंय."

"आगं करते की," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुझा जावई तो माझा न्हाई का?"

पंचफुला खूश होऊन गेली. मलाही बरं वाटलं. गावच्या विहिरीनं तळ गाठला होता आणि हातपंप नुसताच खडखडत होता, त्यामुळं तिची सगळी भिस्त त्या नळावर होती.

ती गेली आणि नर्मदाबाईंनी पदर खोचला. घरातलं जुनं पाणी ओतून द्यायचं आणि नळाचं ताजं भरायचं, ही त्यांची नेहमीची शिस्त. सून बबिता म्हणाली, "आत्याबाई, निम्मं टिपाड भरलेलं हाय. आदी नळ तर येऊ द्या."

"जावयाला आठ दिवसाचं शिळं पाणी पाजतीस व्हय? वत ते!"

बबितानं टिपाड, म्हणजे पाण्याचं पिंप, कलंडवलं, घागरी रिकाम्या केल्या. चांगलं नितळ पाणी अंगणातून वाहून गेलं. एक हंडा मात्र तिनं हळूच दाराआड सरकवला. पाणी कधी शिळं होत असतं का, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मोठ्यानं बोलण्याची तिची टाप नव्हती.

नळ आला. नर्मदाबाईंनी पहिली नळी माझ्या टाकीत सोडली. "आदी कूलर भरू दे. मी बघते नळाकडं, तू पुरण वाट." बबिता स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर सुरू झाला. तेवढ्यात अर्पिताचा फोन आला. ती बसमधून व्हिडिओ कॉलवर नवी साडी दाखवत होती. नर्मदाबाई पलंगावर बसल्या आणि बोलण्यात गुंगून गेल्या.

मी भरलो, मित्रांनो. पार काठोकाठ भरलो. पण माझ्या तोंडाला बोली नाही. पाणी कोपऱ्यातून उतू गेलं, माझ्या गवताच्या काड्या घेऊन गटारीला लागलं आणि उतारानं गल्लीच्या टोकाला निघालं. तिथं पंचफुला नळाखाली घागर लावून बसली होती. तिनं तोटी फिरवून पाहिली. तोटीला तोंड लावून ओढूनही पाहिलं. नळातून थेंब आला नाही. तिच्यापुढून गटार मात्र भरून वाहत होती आणि तिच्या तहानलेल्या शेळ्या त्या घाणीला तोंड लावत होत्या. मला डोळे मिटता आले असते तर मी मिटले असते.

नळ गेला तेव्हा कुठं नर्मदाबाईंना आठवण झाली. धावत बाहेर येऊन पाहतात तर टिपाड कोरडं, घागरी कोरड्या आणि नळी अजून माझ्याच पोटात. "आगं बया!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात पंचफुला आली. ती रडत नव्हती. तिच्या चिमटीत एक ओली काडी होती.

"आक्का, पाणी न्हाई आलं. पर तुमच्या कूलरचं गवत आलं बगा आमच्या दारापस्तोर."

नर्मदाबाईंनी माझ्या टाकीतली नळी ओढून काढली.

"सकाळीच म्हणलं होतं मी. तुमी व्हय म्हणलाव. आता दुपारी जावई यायलाय. त्याचे पाय काय थुंकीनं धुवू?"

"पंचफुले, चुकलं गं माझं," नर्मदाबाई म्हणाल्या.

बबितानं दाराआडचा हंडा ओढून आणला. त्यातलं निम्मं पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी पंचफुलाच्या घागरीत गेलं, निम्मं आमच्या माठात. राहिला पाय धुण्याचा प्रश्न. दोन्ही घरांत मिळून आता माझ्या पोटातच काय ते पाणी होतं. बबितानं माझं बूच काढलं, खाली फडकं धरलं आणि गाळून पंचफुलाची बादली भरून दिली. उरलेलं योगीराजांच्या पायांसाठी आणि खरकट्या भांड्यांसाठी काढून घेतलं. मी रिकामा झालो.

दुपारी पंचफुलाचा जावई महारुद्र आला. खिडकीतून मला तिचं दार दिसत होतं. तिनं परात मांडली आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. निकितानं पाय पुसले. फडक्यातून सुटलेली एक काडी त्याच्या अंगठ्याला चिकटली होती. त्यानं ती उचलून पाहिली. माझा जीव टांगणीला लागला.

"वाळा टाकलाय पाण्यात," पंचफुला हसत म्हणाली. "उनाचं आलाव, पायाला गार वाटावं म्हणून."

महारुद्र खूश झाला. "लय गार वाटलं, मामी," म्हणाला. माझ्या घाणीला तिनं वाळा म्हटलं आणि पदरानं डोळे टिपल्यासारखं करून ती आत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इकडं आमच्या घरीही योगीराज आले. त्यांचेही पाय धुतले आणि ते पाणी नर्मदाबाईंनी सवयीनं अंगणात भिरकावलं. माठातलं ते ‘शिळं’ पाणी पिऊन जावई म्हणाले, "पाणी गोड हाय." मग ते माझ्यासमोर बसले आणि कुणीतरी माझं बटण दाबलं. माझ्या जाळ्या कोरड्या ठणठणीत. बाहेरची सगळी आग मी त्यांच्या तोंडावर फेकली. ताटातला धोंडा तसाच राहिला, जावई नुसते घाम पुसत बसले. नर्मदाबाई पदरानं वारा घालू लागल्या.

तेव्हा पंचफुला बादली घेऊन दारात आली.

"आक्का, हे घ्या. माझ्या जावयाच्या पायाचं पाणी हाय. भाज्या धुतलेलं बी त्यातच वतलंय. गाळून आणलंय, कूलरला चालतंय."

"आन् तुला गं?"

"पाय धुवून झाले की. आता फेकूनच द्यायचं, त्यापरीस घ्या. तुमचे जावई घामानं बेजार झालेत."

योगीराजांनी विचारलं, "मामी, पाणी कुठलं?"

नर्मदाबाईंना काहीही सांगता आलं असतं. खोटं बोलायला असं किती लागतं? पण त्या म्हणाल्या, "पंचफुलाच्या जावयाचे पाय धुतलेलं हाय, बापू. तिच्या वाटचं पाणी आज मी गटारीत सोडलं. तरी तिनं हे आणून दिलं." अर्पितानं मान खाली घातली. नर्मदाबाईंनी स्वतःच्या हातानं ते पाणी माझ्या टाकीत ओतलं. थेंबही बाहेर सांडू दिला नाही. काड्या भिजल्या आणि मी गार वारा सोडला.

"पंचफुले," त्या म्हणाल्या, "तुझ्या जावयाला बी हितं घेऊन ये. त्याला बी बसू दे वाऱ्यात."

पंचफुलानं रिकामी बादली उचलली. "ऱ्हाऊ द्या, आक्का. आमच्या लिंबाखाली बरं हाय." आणि ती उन्हातून चालत गेली.

मित्रांनो, सारी दुपार मी वारा देत राहिलो आणि लाजेनं आतल्या आत मरत राहिलो. मला पाणी लागतं, त्याला माझा इलाज नाही. पण माझ्यासाठी नळ सोडत जाऊ नका. तांदूळ-भाज्या धुतलेलं, कपडे शेवटचे खळबळून काढलेलं, पाय धुतलेलं पाणी गाळून द्या. मला तेवढं पुरतं. आणि कधी नळी लावायचीच झाली तर नळापाशी उभं राहा. मी भरलो की नळ बंद करा, आणि गल्लीच्या शेवटच्या घरी जाऊन विचारा, घागर भरली का म्हणून.