दादाच्या स्फटिकातले पट्टे

काचेची पातळ पट्टी ताडकन तडकली आणि धाकटी दचकली.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं काही घडलं नव्हतं. नमुने चिकटवायचे जुने पितळी ठोकळे साफ करताना तिने त्यातला एक अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला होता, वर चिकटलेली काच सुटून यावी म्हणून. काच सुटली नाही. थंडीने गोंद आक्रसला आणि त्याने काचेलाच पिळून फोडलं. दोन नळ्यांतून येणारा, दगडासारखा घट्ट होणारा कडक गोंद. दादाचा स्फटिकही तिने अशाच ठोकळ्यावर त्याच गोंदाने चिकटवला होता.

प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत, कारण थोरला भाऊ आधीपासून तिथेच होता. तो भट्टीत काळे, चकचकीत स्फटिक वाढवायचा आणि ती ते गार करून मोजायची. असा स्फटिक पुरेसा गार झाला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. पण कधी कधी हेच इलेक्ट्रॉन जोड्या जमवायचं सोडून पट्ट्यापट्ट्यांनी रांगा धरून उभे राहतात. मग वाहणं अडतं. रांगा लागल्या की काम अडतं हे कुठल्याही कचेरीत दिसतं म्हणा, पण इथे त्या रांगांपायी एका माणसाची नोकरी गेली होती.

त्याचं असं झालं. क्ष-किरणांच्या चित्रात मधल्या ठळक ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना अंधुक ठिपके उमटले, म्हणजे स्फटिकात पट्टे आहेत. दादाच्या नव्या स्फटिकात धाकटीला ते सापडले. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, चित्र बघून म्हणाल्या, "ऑक्सिजनचं प्रमाण चुकलंय. भट्टीवाल्यांचा हात गेला आता, पूर्वीचं कसब राहिलं नाही." दादाचा करार पुढे वाढला नाही. आज त्याचा शेवटचा दिवस होता.

नेहमीचा मऊ गोंद गारठ्यात कधी कधी पकड सोडतो. दादाने एवढ्या कष्टाने वाढवलेला तुकडा पडू नये, म्हणून तिने खास कडक गोंद काढला होता. माया करायला गेली आणि गळाच आवळला की काय? काचेसारखाच तो स्फटिकही पिळला गेला असेल, आणि त्या दाबानेच पट्टे उमटले असतील तर?

इकडे आड, तिकडे विहीर. पट्टे खरे निघाले तर दादाचा हात खरंच गेला होता. खोटे निघाले तर भावाच्या तोंडचा घास तिने काढला होता. दादाच्या स्फटिकाचा ठोकळा कपाटात ठेवून गप्प बसली असती तरी कुणी विचारलं नसतं. तिने दोनदा ठेवलाही, आणि दोनदा बाहेर काढला.

द्रावकात भिजवून तिने गोंद मऊ केला आणि मनगट टेबलाला टेकवून स्फटिकाखाली पातं घातलं. एक ओरखडा, आणि सगळं संपलं असतं. तुकडा अखंड सुटला. तिने तो मऊ गोंदावर अलगद बसवला, यंत्रात घातला आणि गार करायला लावला.

पडद्यावर मधला ठिपका ठळक झाला. बाजूचे ठिपके उमटायची वेळ आली आणि गेली. तिथे काही नव्हतं. आणि विजेचा अडथळा मागच्या वेळेपेक्षा कितीतरी आधीच, थंडी पुरती पडायच्या आत, शून्यावर आला. इतका चांगला स्फटिक ह्या प्रयोगशाळेत कुणी वाढवलाच नव्हता.

"धाकटे, झालं गं माझं आवरून." दादा खोकं काखेत घेऊन दारात उभा होता. "तो तुकडा दे ना."

"कुठला?"

"ज्याने मला घालवलं तो. बाई म्हणाल्या, टाकायचाच आहे, घेऊन जा." तो हसला. "घरी टेबलावर ठेवीन. आल्यागेल्याला दाखवीन, हा बघा माझा दिवटा."

द्यावा आणि मोकळं व्हावं. तुकडा गेला की पुरावाही गेला, आणि दादा तिचाच राहिला.

"देता येणार नाही, दादा."

"का गं?"

"बाईंना दाखवायचाय. त्यात पट्टे नाहीत. तुझं काही चुकलं नव्हतं. मी कडक गोंद लावला, त्याच्या दाबाने ते उमटले."

दादाने खोकं खाली ठेवलं आणि पडद्याजवळ येऊन बघितलं. तो ओरडेल म्हणून ती वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या वहिनीला सांगून टाकलं मी," तो म्हणाला, "की आता माझा हात चालत नाही."

"चल ना बाईंकडे. आत्ताच्या आत्ता. मी सांगते सगळं. भट्टी परत लावू."

तो जागचा हलला नाही. "भट्टीत नवा वाढत होता गं. अर्धा झाला होता. सकाळी मीच भट्टी बंद केली, तो वाया गेला. म्हटलं, कशाला जीव काढायचा, हाही तसलाच निघणार."

धाकटी एकटीच निघाली. बाईंचं दार वाजवताना तिला त्यांची भीती उरलीच नव्हती. परत येऊन दादाच्या तोंडाकडे कसं बघायचं, ह्याचीच तिला धास्ती होती.